हरवलेलं वलय

"हे झाड तोडलं कुणी?" आजीने विचारलं.

गणपतीचे दिवस होते. घरात मुंबई-पुण्याहून आलेली बावीस माणसं, पडवीत चादरींवर पोरं लोळतायत, नेटवर्क फक्त विहिरीपाशी. मी तिला फोनवर एक चित्र दाखवत होते. झाडाचं खोड आडवं कापल्यावर दिसतात तशी वलयं, एकात एक, रंगीत. तिला वाटलं फोटोच आहे.

"तोडलं नाही गं. हे झाडच नाही. हा अमेरिका देश आहे."

तिने चष्मा पुसला. "मग देश तोडलाय का?"

मी हसले, पण उत्तर आलं नाही. मी अमेरिकेतून परत येऊन जेमतेम महिना झाला होता. परत 'आले' असं सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे परत यावं लागलं होतं.

*

ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं 2019 मध्ये, बोस्टनला. मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर, डेटा व्हिज्युअलायझेशनचा कोर्स. तोपर्यंत मला ग्राफ म्हणजे एक्सेलमधले बार आणि पाय चार्ट एवढंच माहीत होतं. प्रोजेक्टरवर ते खोड आलं आणि मागच्या बाकावरच्या चुळबुळ्या पोरांचीही कुजबुज थांबली.

ते काम त्याच शहरातल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात झालेलं. पेद्रो क्रूझ नावाचा पोर्तुगीज डिझायनर-प्राध्यापक, सोबत जॉन वायबी आणि इतर सहकारी. 2018 साली त्याला 'इन्फर्मेशन इज ब्युटिफुल' पुरस्कारही मिळाला. कल्पना सोपी आहे. झाड दरवर्षी एक वलय वाढवतं. हा देश दर दशकाला एक वलय वाढवतो. एकेक पेशी म्हणजे बाहेरून आलेली शंभर माणसं. ज्या खंडातून आली त्याचा रंग तिला. आणि माणसं ज्या दिशेने आली, त्या बाजूला खोड जास्त फुगतं. युरोपातून आली तर पूर्वेला, लॅटिन अमेरिकेतून आली तर दक्षिणेला, आशियातून आली तर पश्चिमेला.

त्यामुळे ते खोड गोल नाही. सुरुवातीला ते पूर्वेकडे सरकत जातं, कारण एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळातून पळालेली, जर्मनीतून आणि नंतर इटलीतून निघालेली माणसं बोटी भरभरून येत होती. मग मधेच वलयं एकदम बारीक होतात. आणि 1965 नंतर झाड पुन्हा फुगायला लागतं, पण आता दुसऱ्याच बाजूंनी, दक्षिणेला आणि पश्चिमेला.

त्या दिवशी मी बाहेरच्या वलयातल्या पश्चिमेच्या पेशींकडे बघत बसले होते. यातल्या एखाद्या पेशीत आपणही असू, असं वाटत होतं. चाळीस लाखांचं शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला असं वाटणं साहजिक होतं.

*

झाडाची वलयं वाचणं हे अख्खं शास्त्र आहे. त्याचा पाया घातला ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने, ॲरिझोनात. त्याला खरं तर शोधायचे होते सूर्यावरच्या डागांचे फेरे. सूर्याचा परिणाम पावसावर होत असेल, पावसाचा झाडावर होतो, म्हणजे जुन्या पाइनच्या खोडात सूर्याचा इतिहास सापडेल, असा त्याचा हिशोब. पाऊस चांगला झाला की वलय रुंद, दुष्काळ पडला की अरुंद. रुंद-अरुंद-रुंद हा क्रम एखाद्या बारकोडसारखा असतो. जिवंत झाडातला क्रम जुन्या घराच्या तुळईतल्या क्रमाशी जुळवला की ती तुळई कोणत्या साली तोडली ते सांगता येतं. 1929 साली एका जळक्या तुळईने त्याच्या दोन तुटक साखळ्या जोडल्या आणि नैर्ऋत्य अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या ओसाड वस्त्यांना एकदम सन-तारखा मिळाल्या.

आपल्याकडे बहुतेक झाडांत अशी स्पष्ट वलयं मिळत नाहीत. साग मात्र अपवाद. पान गाळतो, थांबतो, पुन्हा वाढतो आणि प्रत्येक वर्षाची खूण ठेवतो. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानाची संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून जुन्या काळातल्या पावसाचा माग काढला आहे. कॉलेजात असताना मी कितीतरी वेळा त्या गेटसमोरून बसने गेले असेन. आत झाडं वाचतात हे मला बोस्टनला जाऊन कळलं.

या शास्त्रातल्या दोन गोष्टी मला नंतर फार उपयोगी पडल्या. एक म्हणजे, वलयं बघायला झाड तोडावं लागत नाही. एक पोकळ गिरमिट असतं, ते खोडात फिरवत नेलं की पेन्सिलीएवढी बारीक कांडी बाहेर येते. झाड जिवंत राहतं. दुसरी म्हणजे, दुष्काळ फारच मोठा असेल तर झाड कधीकधी खोडाच्या त्या भागात वलय बनवतच नाही. वर्ष गेलं, झाड जगलं, पण खोडात त्याची खूण नाही. याला हरवलेलं वलय म्हणतात. ते त्या एका झाडात कितीही शोधून सापडत नाही. आजूबाजूच्या झाडांशी ताडून बघावं लागतं, तेव्हा कळतं की इथे एक वर्ष गळलंय.

*

तर त्या चित्रातली बारीक वलयं. झाडाला पाऊस मिळाला नाही की वलय बारीक होतं. या झाडाला काय मिळालं नाही?

सेमिस्टरच्या शेवटी निबंध लिहायचा होता म्हणून मी शोधायला बसले. उत्तर पावसासारखं नव्हतंच. सगळी उत्तरं कायद्याच्या पुस्तकात होती.

1790 चा कायदा सांगतो की बाहेरून आलेल्यांपैकी नागरिक होता येईल ते फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसांना. 1882 मध्ये चिनी मजुरांना बंदी. 1917 मध्ये आशियाचा मोठा पट्टा आखून तिथल्या लोकांना दार बंद, त्यात हिंदुस्थान आला. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांचा खटला. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होता. त्याचं म्हणणं, तुमचेच मानववंशशास्त्रज्ञ मला कॉकेशियन म्हणतात, मग मला नागरिकत्व द्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो तू नाहीस. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

मग 1924. हा कायदा वाचताना डेटावाली म्हणून माझ्या अंगावर काटा आला. प्रत्येक देशाला कोटा ठरवला: त्या देशात जन्मलेले जितके लोक आधीच अमेरिकेत आहेत त्याच्या दोन टक्के. पण 'आधीच' म्हणजे कधी? ताजी जनगणना 1920 ची हाताशी होती. त्यांनी धरली 1890 ची. कारण 1890 नंतरच इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने आले होते. जुनं वर्ष धरलं की ते आपोआप कमी. गंमत म्हणजे त्या 1890 च्या जनगणनेच्या मूळ कागदांचं 1921 च्या एका आगीत मोठं नुकसान झालं होतं. छापलेले बेरजेचे आकडे मात्र शाबूत होते, आणि त्या आकड्यांवर माणसं अडवली जात होती.

हिंदुस्थानासाठी दार पुन्हा किलकिलं झालं 1946 मध्ये. कोटा किती? वर्षाला शंभर.

हा आकडा वाचून मी लॅपटॉपवर ते चित्र पुन्हा उघडलं. एक पेशी म्हणजे शंभर माणसं. म्हणजे आपल्या अख्ख्या देशाला वर्षाला एक पेशी! मी झूम करकरून त्या वलयात शोधत राहिले, जणू ती वेगळी ओळखू येणार होती.

1890 मध्ये अमेरिकेत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण 14.8 टक्के होतं. 1970 पर्यंत ते 4.7 टक्क्यांवर आलं. 1965 च्या नव्या कायद्याने देशांचे जुने कोटे मोडले आणि झाड पुन्हा वाढायला लागलं. मधल्या काळात मंदी होती, महायुद्ध होतं, हे खरं. पण ढगांनी काही कुणाला 1890 चं वर्ष निवडून दिलं नव्हतं. ते माणसांनी टेबलाभोवती बसून निवडलं.

निबंधात मी लिहिलं, की हे चित्र फार सुंदर आहे आणि तीच त्याची अडचण आहे. झाड म्हटलं की सगळं आपोआप घडल्यासारखं वाटतं. झाड कुणाला नाही म्हणत नाही. शिवाय काही माणसं या झाडात नाहीतच. जमीन ज्यांची होती ते मूळनिवासी कुठल्याही वलयात 'आले' नाहीत, ते आधीपासून तिथे होते. आणि ज्यांना साखळ्या घालून आणलं त्यांच्या 1850 आणि 1860 मध्ये वेगळ्या याद्या केल्या गेल्या, त्यात वय आहे, मालकाचं नाव आहे, त्यांचं स्वतःचं नाव बहुतेकदा नाही.

निबंधाला चांगले मार्क मिळाले. तेव्हा तो माझ्यासाठी निबंधच होता.

*

शिक्षण संपल्यावर मला तिथे तीन वर्षं काम करता येणार होतं. पुढे राहायचं तर एच-वन-बी. त्याची लॉटरी असते, खरीखुरी, कॉम्प्युटरने काढलेली. वर्षाला 65 हजार जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20 हजार. 2023 च्या मार्चमध्ये या 85 हजारांसाठी साडेसात लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या होत्या.

माझा नंबर 2022 ला लागला नाही. 2023 ला नाही. 2024 ला नाही. त्या वेबसाइटची एक खोड आहे, ती लगेच 'नाही' म्हणत नाही. ज्यांचा लागला त्यांच्यासमोर 'सिलेक्टेड' येतं. तुमच्यासमोर नुसतं 'सबमिटेड' राहतं. दिवसभर राहतं, आठवडाभर राहतं. पोटात गोळा घेऊन तुम्ही रिफ्रेश करत बसता. मी रात्री दोनला उठून रिफ्रेश केलंय. आईला व्हिडिओ कॉलवर "अजून प्रोसेसमध्ये आहे" असं सांगितलंय.

सामान विकताना, म्हणजे गादी, खुर्ची, भाताचा कुकर असं सगळं ज्युनिअर मुलांना विकताना, मला ते खोड आठवलं. ते जनगणनेच्या आकड्यांवर उभं आहे. मोजणाऱ्याने दार वाजवलं तेव्हा जे घरात होते, ते मोजले गेले. जे येऊन परत गेले त्यांचं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या इटालियनांतला मोठा भाग पैसे साठवून गावी परतला. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या, 1886 मध्ये डॉक्टर होऊन निघाल्या. आधीची जनगणना 1880 ची, पुढची 1890 ची. त्या दोन्हींच्या मधून गेल्या. आपल्याकडे त्यांच्यावर पुस्तकं आहेत, सिनेमा आहे. त्या झाडात त्या नाहीत.

मी आनंदीबाई नाही, हे मला माहीत आहे. पण लोगन विमानतळावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा ढकलताना तेवढा आधारही पुरला.

*

आता गणपतीत परत. आजीने तिचा पत्र्याचा डबा काढला तो दुसऱ्या दिवशी. मी घरात नुसती बसून असते, कुणाशी बोलत नाही, हे तिने पाहिलं असावं. डब्यात मनिऑर्डरची कूपनं होती. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा, त्यावर पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. पैसे खर्च व्हायचे, तुकडा उरायचा. आजीला वाचता येत नाही. पोस्टमन वाचून दाखवायचा. तिने एकही फेकला नव्हता.

आजोबा 1961 मध्ये मुंबईला गेले, लालबागजवळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. गावकऱ्यांच्या खोलीत वीस-बावीस जण, पाळ्या लावून झोपायचे, जेवायला खाणावळ. आजी लग्नानंतर गावीच राहिली. पगार झाला की मनिऑर्डर. "पैसे 30 पाठवले आहेत. म्हैस कशी आहे. पावसाआधी कौलं चाळून घ्यावी." सगळी कूपनं अशीच. एकदाच वेगळं: "मुलगा झाला हे कळले. आनंद झाला. 40 पाठवले आहेत."

मी मोजली. 211 होती. मग विहिरीपाशी लॅपटॉप घेऊन बसले आणि शीट बनवली: तारीख, रक्कम, मजकूर. दोन दिवसांत कोडही लिहिला. वर्षाला एक वलय, दहा रुपयांना एक पेशी. मी अमेरिकेतून शिकून आलेली विद्या ही अशी पहिल्यांदा वापरली.

खोड छान आलं. साठच्या दशकात बारीक वलयं, सत्तरमध्ये रुंद होत गेलेली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि त्या वर्षीच्या वलयात एकच कूपन. पुढे 1984 च्या शेवटाला आजोबा एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले तेव्हापासून पुन्हा बारीक वलयं, 1990 पर्यंत.

मी आजीला दाखवलं. तिला बोट ठेवून वर्षं सांगत होते. तुझं लग्न, बाबा झाले ते वर्ष, आत्या झाली ते. "आणि हा संप. 82. हे पुढचं 84."

"त्र्याऐंशी कुठंय?"

मी बघितलं. खरंच नव्हतं. त्या वर्षाचं एकही कूपन नाही, म्हणून शीटमध्ये ओळ नाही, म्हणून कोडने ते वर्षच उडवलं होतं. 82 ला चिकटून 84. एरर नाही, काही नाही. कोडचं बरोबर होतं. चूक माझी होती, नसलेल्या ओळीचं काय करायचं ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.

"त्या वर्षी पैसे आले नाहीत ना आजी, म्हणून."

"पैसे नाही आले. पण वर्ष आलं होतं की." ती जरा रागावूनच म्हणाली. "त्र्याऐंशीला म्हैस विकली. माझी पोत सोसायटीवाल्याकडे ठेवली, ती गेलीच मग. तुझा बाप नववीत, त्याला शाळा सोडायला लावत होते. मी म्हटलं नाही सोडायची. खोताच्या शेतात लावणीला गेले, कापणीला गेले, चिरे वाहिले. आणि तू म्हणतेस वर्ष नाही."

पडवीत काकू नारळ सोलत होत्या. त्या म्हणाल्या, त्याच वर्षी त्यांच्या माहेरीही एकवेळच नाचणीची भाकरी असायची, त्यांचेही वडील संपात होते. बाबांनी फोन खाली ठेवला आणि सांगितलं की नववीची फी शाळेतल्या एका मास्तरांनी भरली होती. हे मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. एका झाडात न सापडलेलं वर्ष बाकीच्या झाडांकडून एकेक करून मिळत होतं.

मी शीटमध्ये 1983 ची ओळ घातली. रक्कम: शून्य. मग एक नवीन कॉलम केला आणि आजी सांगेल तसं लिहीत गेले. लावणी, किती दिवस, रोज किती. तिला आकडे पक्के आठवत होते. काही आकड्यांवर काकू आणि तिचं भांडणही झालं. तारखा कशालाच नव्हत्या. 'स्रोत' या रकान्यात मी 'आजी' असं लिहिलं. मग मागे जाऊन 1961 पासूनच्या प्रत्येक वर्षासाठी तोच कॉलम भरायला घेतला, कारण आजी कापणीला काही फक्त त्र्याऐंशीलाच गेली नव्हती. खोड दुप्पट झालं. ते एका बाजूला झुकलेलं होतं, आता दोन्ही बाजूंनी वाढलं. आधीचं चित्र मुंबईहून आलेल्या पैशांचं होतं. घर कशावर चाललं ते आत्ता दिसायला लागलं.

निघायच्या आदल्या रात्री आजीने विचारलं, "आणि यात तू कुठं आहेस, बाय?"

"मी नाही यात. हे 90 ला संपतं."

"पुढं वाढव की."

पुण्यात नोकरी लागलीय. पगार तिथल्या मानाने पाव आहे, कर्जाचा हप्ता तोच आहे. दर पाच तारखेला खात्यातून जातो. अजून सव्वासहा वर्षं आहेत. आजी दर रविवारी फोनवर एकच विचारते, कर्ज किती फिटलं. मी आकडा सांगते. शीटमध्ये 2019 ते 2024 अशा सहा ओळी मी घातल्यात. रक्कम भरलीय. तो दुसरा कॉलम अजून रिकामा आहे, आईला आणि तिथल्या दोन रूममेट्सना विचारून भरायचा आहे.